कितीला पडला?

सोलापुरात नवी वस्तू लपत नाही. चप्पल असो, कुकर असो, कूलर असो, लोक ती आधी हातात घेतात, उलटीपालटी करतात आणि विचारतात, "कितीला पडलं?" वस्तू कशासाठी आहे ही चौकशी नंतर, वेळ उरला तर. चादरीच्या गावात हे चालायचंच. पोत बघायचा, भाव विचारायचा आणि भाव काहीही निघाला तरी "जास्त दिलेत" म्हणायचं.

अशा गावात माझ्या मेहुण्याने मला लिमिटेड एडिशनचा फाउंटन पेन दिला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री तो पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी मखमली डबी पुढे केली. "दाजी, जगात एक हजारच निघालेत!" गडद लाल लॅकरवर सोनेरी पणत्यांची रांग, टोपणावर कोरलेला आकाशकंदील, खिशाला अडकवायची क्लिप फुलबाजीच्या आकाराची. टोपणाच्या कडेला बारीक अक्षरांत ६१३/१०००. सोबत प्रमाणपत्र. आमच्या लग्नाचं प्रमाणपत्र अजून काढायचं राहिलंय, पेनचं मात्र घरपोच आलं.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला. त्यांची सगळी नोकरी कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात गेली, त्यामुळे हजेरी मोजायला वेळ लागत नाही. "म्हणजे आधी सहाशे बारा जण फसलेत."

आईला निबवरचं ५८५ दिसलं. मेहुणा उत्साहाने म्हणाला, "सोन्याची निब आहे, आई. चौदा कॅरेट." आता, आमच्या आईचा सोन्यातला अभ्यास ९१६वर सुरू होतो आणि तिथेच संपतो. "पाचशे पंच्याऐंशी? मग निम्मं खोटंच की!" मेहुण्याने तिला नीट समजावलं: हजार भागांत ५८५ भाग सोनं, बाकीचे दुसरे धातू, चोख सोन्याची निब केली तर ती मऊ पडेल, जरा दाबली की वाकेल, आणि कागदावर टेकतो तो टोकाचा ठिपका तर सोन्याचा नसतोच, झिजू नये म्हणून तिथे वेगळा कठीण धातू बसवतात. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फराळाला आलेल्या प्रत्येक बाईला तिने त्यातलं एकच सांगितलं, "टोकालाच सोनं नाही."

लक्ष्मीपूजनाला पेन वहीवर विराजमान झाला. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळे उपचार झाले. कुंकू आकाशकंदिलाच्या कोरीव रेघांत जाऊन बसलं. मी जुना टूथब्रश घेऊन बसलो, तर बायको म्हणाली, "पूजेचं कुंकू घासून काढतात होय?" राहू दिलं. हजारांत आपला ओळखू तरी येईल.

मग शुभारंभ म्हणून वहीत "श्री" लिहिलं. वहीचा कागद बॉलपेनच्या जमान्यातला. शाई फुटली, वेलांटी शेजारच्या ओळीत शिरली आणि मागच्या पानावरही एक श्री उमटला, उलटा.

पेन कपाटात ठेवला की बायको विचारते, "माझ्या भावाने एवढ्या हौसेने दिला तो कुलपात ठेवायला?" वापरायला काढला की आई म्हणते, "पूजेचा पेन कुणी रोज वापरतं का?" म्हणून तो खिशात असतो. न लिहिता. खिशात असला की गळतो. दिवाळी संपली म्हणून सोलापूरचं ऊन काही संपत नाही. शेजारच्या गुरुजींनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, माझ्या शर्टावरचा निळा डाग बघूनच निदान केलं. "पेन अर्धा रिकामा ठेवलास ना? आतली हवा अंगाच्या गरमीने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एक तर काठोकाठ भर, नाहीतर रिकामा ठेव. आणि निब कायम वर." पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांची निळी बोटं ज्यांनी पाहिली, त्यांच्याशी वाद कोण घालणार? त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शाई नेमकी नळाला पाणी नसलेल्या दिवशी गळते. अर्थात आमच्याकडे पाण्याचे दिवस कमी आणि बाकीचे जास्त, त्यामुळे पेनला तरी काय दोष द्यायचा!

खरी परीक्षा बँकेत. दोरीला बांधलेला पेन कधी चालत नाही, आणि स्लिप भरायला आलेल्या माणसाला माझ्या खिशातली फुलबाजी लांबून दिसते. "पेन द्या की जरा." बॉलपेनवाला माणूस निब उलटी धरतो, उमटत नाही म्हणून जोर लावतो, तरी उमटेना म्हणून झटकतो. परवा एकाने झटकला तर पुढच्या मावशींच्या पासबुकावर शाईच्या ठिपक्यांचा सडा पडला आणि माफी मी मागितली. तेव्हापासून महागड्या पेनच्या संरक्षणासाठी मी खिशात एक दहा रुपयांचा बॉलपेन बाळगतो. लिहिण्याचं सगळं काम अंगरक्षकच करतो.

पण या सगळ्यापेक्षा छळ त्या एका प्रश्नाचा. किंमत मी मोबाइलवर बघितली होती, बघून मोबाइल पालथा ठेवला होता. खरा आकडा सांगितला तर अण्णा त्यात किती चादरी आल्या असत्या ते मोजत बसणार. शेवटी गुरुजींनीच सुटका केली. टोपण काढून, निब डोळ्याजवळ नेऊन त्यांनी वाचलं, "पाचशे पंच्याऐंशी! पेनला?" मी नुसता हसलो. हळूहळू गल्लीत तोच भाव ठरला. "जरा जास्तच दिले, पण वस्तू बरी आहे," असं मतही पडलं. मी निवांत झालो.

काल संध्याकाळी गुरुजी आले. पाकिटातून सहाशे रुपये काढून माझ्या हातात ठेवले. "नातू दहावीला आहे. मेहुण्याला सांगून एक मागव, पणत्यांचाच. वरचे पंधरा रिक्षाला ठेव. आणि नंबर जरा अलीकडचा बघ म्हणावं, शंभराच्या आतला."