ट्रॉम्सोचं विमान आणि फुटपट्टीचा घोळ

गेल्या महिन्याभरात एक चित्र आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलं. जगाचा सपाट नकाशा, त्यावर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोपासून उत्तरेला स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयरब्येनपर्यंत लाल रेघ. खाली मजकूर: ‘अंतर साडेतीन हजार किलोमीटर, विमान पोचतं एक तास चाळीस मिनिटांत! घड्याळं फिरवून वेळ लपवतात. जाऊन आलेल्यांना विचारा, अर्धा दिवस लागतो. पृथ्वी गोल नाहीच.’

आधी अंतर. रेघ लांब दिसते हे खरं. मीही फुटपट्टी लावली, दिल्ली–कन्याकुमारीच्या जवळजवळ दीडपट भरली. पण हा मर्केटरचा नकाशा, १५६९ सालचा, दर्यावर्द्यांसाठी केलेला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर ती वाट नकाशावर सरळ यावी, एवढीच त्याची सोय. त्यासाठी ध्रुवांकडचा भाग रबरासारखा ताणावा लागतो: ट्रॉम्सोपाशी जवळपास तिप्पट, लाँगयरब्येनला जवळपास पाचपट. फॉरवर्डवाल्याने विषुववृत्ताची मोजपट्टी घेऊन आर्क्टिक मोजलं.

पटत नसेल तर पृथ्वीगोल घ्या. माझ्याकडे ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे, शाळेतल्या भाचीचा. दोरा ताणून धरला: दिल्ली–कन्याकुमारी साधारण साडेपाच सेंटीमीटर, ट्रॉम्सो–लाँगयरब्येन जेमतेम सव्वादोन. दोरा नको असेल तर तोंडी हिशोब करा. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर, अक्षांशात फरक साडेआठ अंशांचा, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. उत्तर साडेनऊशेच्या आसपास. मुंबई–दिल्लीपेक्षा कमीच की!

आता वेग. साडेतीन हजार किलोमीटर एक तास चाळीस मिनिटांत म्हणजे ताशी २१०० किलोमीटर, आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाचा वेग. कॉन्कॉर्ड २००३ सालीच बंद पडलं. साडेनऊशेला तोच वेळ लावा, सरासरी पावणेसहाशेच्या आत येते. त्यात धावपट्टीकडे जाणं, चढणं, उतरणं सगळं धरलेलं. साध्या जेट विमानाचा हिशोब.

घड्याळाचा मुद्दा तर अगदीच पोकळ. दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ चालते. मुंबई–दुबईला घड्याळात दीड तासाचा फरक असतो, म्हणून जाताना प्रवास झटकन झाल्यासारखा वाटतो आणि येताना लांबतो. इथे जाताना आणि येताना वेळ जवळपास सारखीच. वाऱ्याने काही मिनिटं इकडे-तिकडे.

राहिला ‘अर्धा दिवस’. तो खोटा असेलच असं नाही, पण तो ऑस्लोहून निघालेल्यांचा. ऑस्लोहून लाँगयरब्येन दोन हजार किलोमीटर, थेट विमानाला तीनेक तास. काही विमानं वाटेत ट्रॉम्सोला थांबतात आणि तिथे सगळ्यांना खाली उतरवून पासपोर्ट तपासतात, कारण स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यात विमानतळावर लवकर पोचणं धरा. दिवस त्या रांगांमध्ये जातो, हवेत नव्हे.