पाकिटातला पुठ्ठा आणि रिचमंडच्या मुली

माझी आजी सोलापुरात विड्या वळायची. हजार विड्या झाल्या की हजाराची मजुरी, आणि त्यातल्या काही तपासणाऱ्याने बाजूला टाकल्या की तेवढे पैसे कमी. तिच्या बोटांचा तंबाखूचा वास शेवटपर्यंत गेला नाही. हे आधी सांगते, कारण मागच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियममध्ये बेसबॉलची जुनी कार्डं, म्हणजे सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी खेळाडूंची छोटी चित्रं, बघताना माझा मुलगा खेळाडूंची नावं वाचत होता आणि माझी नजर मात्र सिगारेट कंपन्यांच्या नावांवर अडकली. तेव्हापासून या विषयाने मला सोडलेलं नाही.

बेसबॉल कार्ड म्हटलं की सगळे होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूच्या कार्डाबद्दल बोलतात. त्याची एक प्रत 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला विकली गेली. पण ते कार्ड 1909 च्या सुमाराचं. खरी सुरुवात त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची, आणि ती समजून घ्यायची तर मैदानाकडे पाठ करून कारखान्यात शिरावं लागतं.

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ॲलन अँड गिंटर नावाची कंपनी होती. त्यातला लुइस गिंटर मूळचा न्यूयॉर्कचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने राहिला, त्यात सगळं गमावलं आणि 1870 च्या दशकात जॉन ॲलनबरोबर तंबाखूच्या धंद्यात उतरला. सिगारेटी वळायला त्याने मुली ठेवल्या, गरीब गोऱ्या घरांतल्या. पानाच्या शिरा काढण्याचं धुळीचं काम मात्र काळ्या कामगारांकडे. एक सराईत मुलगी मिनिटाला साधारण चार सिगारेटी वळायची. सिगारेटचं पाकीट तेव्हा नुसतं कागदाचं, मऊ. खिशात दबलं की सिगारेटी मोडायच्या, म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवत. आत पुठ्ठा घालायचाच आहे तर तो कोरा कशाला ठेवायचा? कार्डाचा जन्म इतका साधा.

मग व्हर्जिनियातल्याच जेम्स बॉन्सॅकने सिगारेट वळण्याचं यंत्र बनवलं आणि 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ॲलन अँड गिंटरने ते चालवून पाहिलं, पण त्यावर भरवसा ठेवला नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमच्या जेम्स ड्यूकने ठेवला. 1884 मध्ये त्याच्या कारखान्यात एका यंत्रातून दहा तासांत 1,20,000 सिगारेटी निघाल्या. म्हणजे जवळजवळ पन्नास मुलींचं काम एका यंत्राने केलं. एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? गिऱ्हाईक तयार करावं लागलं, जाहिरातीवर पैसा ओतावा लागला, आणि पाकिटातल्या त्या पुठ्ठ्याला एकदम किंमत आली. पूर्ण संच जमवायचा असेल तर त्याच छापाच्या सिगारेटी परत परत घ्यायला हव्यात. ड्यूकने नट्यांचे फोटो घातले, त्यावरून त्याचे धर्मभीरू वडील त्याच्यावर नाराजही होते.

1887 मध्ये ॲलन अँड गिंटरने जगज्जेत्यांची 50 कार्डं काढली. त्यात बेसबॉलवाले फक्त दहा. बाकी मुष्टियोद्धे, नावाडी, कुस्तीगीर, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज, त्यांत ॲनी ओकलीसुद्धा. रंगीत शिळाछपाई, आपल्याकडे पुढे रविवर्मा प्रेसने देवादिकांची चित्रं घरोघर पोचवली ते तंत्र. चित्रं बघाल तर आजही रंग ताजे वाटतात. मागच्या बाजूला पन्नास नावांची यादी आणि लिंडनर, एडी अँड क्लॉस या न्यूयॉर्कच्या छापखान्याचं नाव. चित्रकाराचं नाव नाही.

मला स्वतःला मात्र न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची 'ओल्ड जज' छापाची कार्डं जास्त जवळची वाटतात. ती छापलेली नव्हेत, खरेखुरे बदामी फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले. तेव्हाच्या कॅमेऱ्यात धावता माणूस पकडता येत नसे, म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणायचं, मागे रंगवलेला पडदा, आणि चेंडू छताला दोरीने टांगायचा. कित्येक कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. झेल घेण्याच्या पवित्र्यात उभा, डोळे टांगलेल्या चेंडूवर, श्वास रोखून. ब्रुकलिनच्या जोसेफ हॉलच्या स्टुडिओतून असे कितीतरी फोटो निघाले. 1887 ते 1890 या काळात पाचशेहून अधिक खेळाडू या मालिकेत आले, बारक्या गावांच्या संघांतलेसुद्धा. त्यांतल्या कित्येकांचा याखेरीज दुसरा फोटो कुणाला कुठे दिसणार?

किंग केली हा त्या काळचा सगळ्यात लोकप्रिय खेळाडू. 1887 मध्ये शिकागोच्या संघाने त्याला 10,000 डॉलरला बॉस्टनच्या संघाला विकलं. त्याच्या एका कार्डावर तो आकडाच नावासारखा छापलाय. नव्या करारात त्याला खेळायचे 2,000 आणि त्याचं चित्र वापरायचे 3,000 डॉलर. चेहऱ्याची किंमत हातांपेक्षा जास्त! ॲलन अँड गिंटरच्या त्या पन्नासांतलाच कॅप ॲन्सन, शिकागोचा कर्णधार. त्याच वर्षी जुलैत नेवार्कविरुद्धच्या सामन्यात जॉर्ज स्टोव्ही आणि फ्लीट वॉकर या काळ्या खेळाडूंबरोबर मैदानात उतरायला त्याने नकार दिला. कार्डावर तो रुबाबदार, गुलाबी गालांचा दिसतो. छंदाच्या पुस्तकांत त्याचं कौतुक वाचताना ही गोष्ट बाजूला ठेवणं मला जमत नाही.

आणि मग 1890. ड्यूकने ॲलन अँड गिंटर, गुडविन, किनी आणि किंबॉल या चारही स्पर्धकांना एकत्र आणून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. चढाओढच संपली तर कार्डावर खर्च कोण करणार? बेसबॉल कार्डं जवळजवळ थांबलीच. खेळ तर तेव्हाही भरात होता, लोक तेव्हाही मैदानं भरत होते. हीच गोष्ट मी पुनःपुन्हा सांगते: या कार्डांना खेळाच्या प्रेमाने जगवलं नव्हतं. पुढे 1902 मध्ये ड्यूक आणि इंग्लंडची इंपीरियल यांनी मिळून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको काढली, आणि तिचीच शाखा 1910 मध्ये कोलकात्यात आली, आजची आयटीसी.

ही कार्डं आज आपल्याला दिसतात ती जेफरसन बर्डिकमुळे. सिरॅक्यूजच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला हा अविवाहित कामगार. 1939 मध्ये त्याने कार्डांची सूची छापली, पुढे एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन' अक्षर दिलं, ते आजही चालतं. 1947 पासून त्याने तीन लाखांवर कार्डं आणि कागद मेटला दिले, आणि स्वतः बसून एकेक वहीत चिकटवले. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी वर्षानुवर्षं. जानेवारी 1963 मध्ये शेवटचं पान संपवलं आणि मार्चमध्ये गेला.

त्या दालनात मी काचेसमोर बराच वेळ उभी होते. मुलाने विचारलं, "आई, यातला कोणता आवडला?" मी त्याला पणजीच्या बोटांबद्दल सांगायला लागले.