हा सूर्य, हा जयद्रथ आणि हे आजोबा

मार्चचा दुसरा रविवार. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, रात्री दोनचे एकदम तीन होतात आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी शाळेत त्याच सकाळी साडेनऊला कथाकथन ठेवतात. विषय उजेड आणि झोपेच्या लोककथा. मुलं पेंगुळलेली, पालक त्याहून.

पहिली गोष्ट हवाईची. सूर्य धावत सुटायचा, त्यामुळे हिनाचं झाडाच्या सालीचं कापड काही वाळेना. म्हणून तिचा मुलगा माउई काथ्याचे दोर घेऊन हालेआकाला डोंगरावर, 10,000 फुटांवर, दबा धरून बसला. ही गोष्ट करून दाखवायची तर पडदे गच्च ओढावेत. नवे साडेनऊ म्हणजे उन्हाच्या हिशेबाने साडेआठच. तिरीप थेट समोरच्या भिंतीवर येते आणि पिवळा जिलेटीन लावलेला टॉर्च बिचारा दिसतच नाही. सुतळीला सरकफास हवा. साधी गाठ आवळत नाही, पोरं हिसका देतात आणि सूर्य स्टुलावरून खाली.

"मॅडम, सूर्याला काथ्या? जळेल की!"

मागच्या रांगेत सांगलीचे आजोबा. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, मांडीवर वही.

"शेवटी तडजोड झाली," मी रेटलं. "काही महिने सूर्याने सावकाश चालायचं, काही महिने भरभर."

"म्हणजे उन्हाळी वेळापत्रक. मग हवाईतही घड्याळं बदलत असतील?"

"नाही. हवाईत बदलत नाहीत."

"बरोबर आहे. मालकाशीच बोलणी झाल्यावर घड्याळाला कशाला त्रास!"

पोरं खिदळली. माझ्या टॉर्चला कुणी हसलं नव्हतं.

मी जयद्रथ काढला. कृष्णाने सुदर्शनाने सूर्य झाकला, संध्याकाळ झाली म्हणून जयद्रथ बाहेर आला आणि...

"वेळ बदलायची तर फलकावर सूचना लावावी लागते, मॅडम. सूचना असती तर वाचला असता माणूस." वहीत नोंद. "आता सांगा, रात्री दोनचे तीन झाले, तर अडीचच्या गाडीचं काय?"

दुर्दैवाने हे मला माहीत होतं. अॅमट्रॅकच्या, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वेच्या, धावत्या गाड्या त्या क्षणी तासभर लेट होतात आणि वाटेत जमेल तेवढा वेळ भरून काढतात. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे येतात, तेव्हा उलट: वेळेआधी सुटू नये म्हणून गाडी स्टेशनात तास काढते.

आजोबा उठून पुढे आले आणि लेट गाडीचे पुढचे थांबे कसे सांभाळायचे ते फळ्यावर आखून दाखवलं. माझा कुंभकर्ण राहिला तो राहिलाच.

खरा राग वेळेचा आहे. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. आधीचे चार दिवस मुलांना रोज 15 मिनिटं लवकर निजवावं, उठवल्याबरोबर पडदे उघडावेत. घड्याळं सरकवायची कल्पना मांडणारा इंग्लंडचा बिल्डर विलियम विलेट, त्याच्या 1907च्या मूळ योजनेतसुद्धा एप्रिलच्या चार रविवारी 20-20 मिनिटंच सरकवायची होती. त्या बिल्डरला जे कळलं ते आमच्या समितीला कळत नाही. त्या एका रविवारी शाळा साडेदहाला भरवा म्हटलं, तर हॉलचं भाडं सांगतात.

नोव्हेंबरचं कथाकथन आजोबांकडे गेलंय. तोवर ते सांगलीत असतील, म्हणून झूमवर. वहीत त्यांनी आजच्या हिशेबाने "संध्याकाळी 7" लिहून घेतलंय. त्या रविवारी इथे साडेनऊ वाजतील तेव्हा सांगलीत आठ वाजलेले असतील. फलकावर सूचना मी लावणार नाही.