मार्सेयच्या त्या माणसालाही शंट बसवलेला होता

डोक्यात पाणी झालेल्या मुलांविषयीचा एक मजकूर गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पोहोचला. त्याचा सारांश असा: फ्रान्समधील एका माणसाचा 90 टक्के मेंदू नाहीसा झालेला असूनही तो कोणत्याही उपचाराविना नोकरी आणि संसार करत होता, म्हणून शंटची, म्हणजे डोक्यातले जादा पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणाऱ्या नळीची, शस्त्रक्रिया अनावश्यक आहे, लहानपणी बसवलेला शंट वयात आल्यावर निरुपयोगी ठरतो, आणि शस्त्रक्रिया झालेली मुले पुढे काही शिकत नाहीत, कमावत नाहीत. एरवी मी असले काही वाचतही नाही. परंतु वयाच्या चौथ्या महिन्यात शंट बसवलेला माझा आतेभाऊ आज 26 वर्षांचा आहे, एका पतसंस्थेत नोकरी करतो, आणि हा मजकूर वाचून आत्याने मला फोनवर विचारले, ‘मग त्याची नळी आता काढूनच टाकली तर?’

फ्रान्समधला तो माणूस खरा आहे. मार्सेयच्या डॉक्टरांनी 2007 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मजकूर लिहिणाऱ्याने ती वाचली असती, तर हे उदाहरण त्याने चुकूनही दिले नसते. त्या माणसाला सहा महिन्यांचा असतानाच शंट बसवला होता. चौदाव्या वर्षी त्याचा तोल जाऊ लागला आणि डावा पाय दुबळा झाला, तेव्हा शंटची दुरुस्ती केल्यावर दोन्ही तक्रारी गेल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी तोच पाय पुन्हा दुबळा झाला म्हणून तो रुग्णालयात आला आणि तेथील तपासणीत मेंदूच्या पोकळ्या प्रचंड फुगलेल्या दिसल्या. मेंदू कवटीच्या कडेला चेपून पातळ झाला होता. चेपणे आणि नाहीसे होणे यांत फरक आहे. तो सरकारी नोकरीत होता, विवाहित होता, दोन मुलांचा बाप होता, हे सारे खरे. पण त्याचा बुद्ध्यंक 75 भरला, हे या मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे. ज्याला ‘उपचाराविना’ जगण्याचा पुरावा म्हणून मिरवले जाते, तो शंट घेऊनच वाढला.

‘वयात आल्यावर शंट निरुपयोगी ठरतो’ हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि अठरावा वाढदिवस झाला म्हणून ते काम थांबत नाही. काही जणांना पुढे शंटची गरज उरत नाही, एवढे मी मान्य करतो. मात्र आपण त्या काही जणांपैकी आहोत की नाही, हे वरवर पाहून कोणालाच सांगता येत नाही, आणि कित्येक वर्षे शांत असलेला शंट बंद पडल्यावर काही तासांतही प्रकृती गंभीर होऊ शकते. शंट बंद पडल्याने सकाळी डोके दुखते आणि उलटी होते, तेव्हा आपल्याकडे आधी पित्ताची गोळी घेतली जाते. मूल बालविभागातून बाहेर पडले की पुढच्या तपासण्या कोणाकडे करायच्या हेही अनेकदा घरच्यांना कोणी सांगत नाही, आणि असल्या मजकुराला नेमकी तिथेच जागा मिळते.

राहिला शिक्षण आणि कमाईचा मुद्दा. नॉर्वेतील ऑस्लो येथे 1967 ते 1970 या काळात शंट बसवलेल्या 128 मुलांचा चाळीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांत मेंदूत गाठ असलेली मुलेही होती. जे जगले त्यांच्यापैकी सुमारे चाळीस टक्के लोक इतरांसारखीच नोकरी करत होते. अनेकांना अपस्मार, स्मरणाच्या अडचणी किंवा वारंवार शस्त्रक्रिया यांना तोंड द्यावे लागते, म्हणून ‘सगळे उत्तम होते’ असे मीही म्हणणार नाही. आणि एकाच मजकुरात मेंदूशिवाय संसार करणारा माणूस आणि शस्त्रक्रियेने निकामी झालेली मुले कशी नांदतात, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पुनर्नव्याच्या काढ्याने हे पाणी उतरते, अशी एक ओळ शेवटी आहे. तिच्यावर मी वेळ घालवणार नाही.

आतेभावाचे डोके गेले पंधरा दिवस सकाळी दुखते आहे, हे आत्याने त्याच फोनवर जाता जाता सांगितले. मी तिला म्हटले, ‘नळीला कोणी हात लावायचा नाही. त्याचा जुना सीटी स्कॅन कपाटातून काढून ठेव, नव्याशी ताडून पाहायला लागेल. मी आत्ताच निघतो.’