डिकीतल्या बॅगांखाली दडलेली पेटी

गाडीत अडीअडचणीसाठी सामानाची एक पेटी असावी, याबद्दल कुणाचे दुमत नसते. माझ्याही गाडीत ती अनेक वर्षे होती. तरीही एका पावसाळी रात्री मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा आईला सोबत घेऊन मी दोन तास रस्त्याच्या कडेला अडकून पडलो. त्या दोन तासांत जे कळले ते लिहून काढावे, असे तेव्हापासून मनात आहे.

पेटी डिकीत होती, डिकी बॅगांनी गच्च भरलेली होती आणि स्टेपनी त्या सगळ्याच्या खाली होती. अर्धे सामान भर पावसात उतरवल्यावर टॉर्च हाती लागला, पण तो पेटेना. झाकण फिरवून उघडले, तर आतले सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर साचलेला होता. मग मोबाइलच्या उजेडात जॅक आणि पाना शोधला आणि चार नट मोठ्या कष्टाने सैल केले. पाचवा मात्र वेगळा होता. चाक चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला तो लॉक नट, त्याच्या खास चावीशिवाय हलतही नाही; आणि ती अंगठ्याएवढी चावी, महिन्याभरापूर्वी जिथे टायर बदलून घेतले होते, तिथेच राहून गेली होती. चूक त्या गॅरेजची होती हे खरे, पण गाडी ताब्यात घेताना ती मागून घेणे हे माझेही काम होते. शेवटी गाडी ओढून नेणाऱ्यांना बोलवावे लागले.

म्हणजे पेटीत काय काय असावे याची यादी माझ्याकडे पूर्ण होती, पण त्यातली एकही वस्तू मी कधी वापरून पाहिलेली नव्हती. म्हणूनच मला मनापासून सांगावेसे वाटते, की एकदा तरी आपल्या हाताने वापरल्याशिवाय कोणतीही वस्तू या पेटीत ठेवू नये.

चाक बदलण्याचा सराव तर प्रत्येकाने, निव्वळ मागे बसून प्रवास करणाऱ्यानेही, एकदा करावाच. कोरड्या दिवशी, सपाट आणि टणक जागी, हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि तिरक्या बाजूच्या चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावून सुरुवात करावी. नट आधी, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच, सैल करायचे असतात, कारण गाडी उचलल्यावर जोर लावला तर चाक तरी फिरते किंवा गाडी जॅकवरून घसरते. जॅक लावण्याची जागाही ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला तिथे खूण केलेली असते आणि भलतीकडे लावल्यास पत्रा आत जातो. या सरावातच लक्षात येते, की गाडीसोबत आलेला पाना फार आखूड आहे आणि मशिनने आवळलेले नट त्याने हलत नाहीत. मी आता लांब दांड्याचा पाना ठेवतो, आणि त्या एका बदलाने आईलासुद्धा नट सैल करता येतो, हे आम्ही करून पाहिले आहे.

स्टेपनीतील हवा तर जवळजवळ सगळेच विसरतात. वापर नसला तरी ती हळूहळू कमी होतच असते. अरुंद, तात्पुरत्या वापराच्या स्टेपनीला साधारण ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट हवा लागते आणि तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नसते; दोन्ही आकडे तिच्यावरच छापलेले असतात. म्हणूनच गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा छोटा पंप ही मला पेटीतील सर्वांत उपयोगाची वस्तू वाटते. बारीक खिळा रुतून हवा हळूहळू जात असेल, तर चाक न काढता, अधूनमधून हवा भरत पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते.

बॅटरी उतरली तर जंपर केबल जाड तारेची हवी आणि तिचा क्रम पाठ हवा: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा, बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडत असू शकतो, म्हणून हे अंतर राखायचे.

आता जागेविषयी, कारण माझी खरी फजिती तिथेच झाली. अनेक नव्या गाड्यांची डिकी विजेच्या बटणावर उघडते, त्यामुळे बॅटरी उतरली की डिकीतील केबलही हाती लागत नाही. टॉर्च, चमकणारे जाकीट, धोक्याचा त्रिकोण आणि काच फोडण्याची हातोडी या वस्तू पुढे, बसल्या जागी हात पोहोचेल अशा ठिकाणीच हव्यात. (हातोडी दारांच्या साध्या टणक काचेवर चालते, समोरची काच थरांची असते, ती अशी फुटून मोकळी होत नाही.) टॉर्च डोक्याला बांधायचा घेतला की दोन्ही हात मोकळे राहतात. औषधे आणि पॉवर बँक मात्र तापलेल्या गाडीत कायम ठेवू नयेत. ती प्रवासाला निघताना बरोबर घ्यावीत.

वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर कडेला पुरेशी जागा नसेल, तर यातले काहीच करायला बसू नये. चारही इंडिकेटर लावून, सुरक्षितपणे उतरता येत असेल तर सगळ्यांनी रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत मागवावी. त्या रात्री आई गाडीतच बसून होती, हे आठवले की आजही मला अस्वस्थ वाटते.

लॉक नटाची चावी आता समोरच्या कप्प्यात, गाडीच्या पुस्तिकेजवळ एका लाल कापडी पिशवीत असते. गाडी टायरच्या कामाला गेली, की परत निघण्याआधी मी ती पिशवी चाचपून पाहतो.