डाळिंबाचं वन आणि एका ‘निसर्गप्रेमी’चा राग

डाळिंबाच्या रोपांचं बोन्साय वन, म्हणजे एका उथळ ताटात एकत्र लावून छोटीच ठेवलेली झाडं, मी केलं आणि त्याचा फोटो टाकला. त्यावर ‘निसर्गप्रेमी’ या नावानं लिहिणारे साहेब, प्रतिक्रियेबद्दल आभार. इतरांना कळावं म्हणून आपलं म्हणणं इथं देतो: “कोवळ्या रोपांची मुळं धुऊन, छाटून ती ताटात कोंबणं हा झाडांचा छळ आहे. तुमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी त्यापेक्षा रंकाळ्याच्या काठावर एक झाड लावावं. असल्या वनाला फळ धरणार नाही, धरलंच तर हसू येईल.”

रिकामटेकड्यांनी! साहेब, आपली ओळख ना पाळख. मुद्दा मांडायला एवढं तोंड सोडायची गरज होती का? मी काय आपला बांध कोरला होता?

आता छळ. माझं आजोळ राधानगरीकडचं. पावसाळ्यात भाताच्या तरव्यातली रोपं उपटायची, मुळांची माती पाण्यात खळबळून काढायची, मुठी बांधायच्या आणि चिखलात रोपलावण. पाठ मोडेपर्यंत हे केलंय, तेव्हा उघडी मुळं काय असतात हे मला शिकवायला येऊ नका. त्या शेतकऱ्यांना कुणी छळवादी म्हटल्याचं ऐकलं नाही. भात म्हणजे गवत, असं म्हणाल. बरं, मग डाळिंबाच्या बागेत जा. बहार धरायला, म्हणजे फुलं एकदम यावीत म्हणून, शेतकरी पाणी तोडतो, झाडाची पानं गाळतो. तिथं जाऊन छळाचं बोलून बघा, काय उत्तर मिळतं ते.

मी रोपं काढली ती जानेवारीअखेर, पानं गळाल्यावर, नवी पालवी फुटायच्या आत. पानंच नसली की छाटलेल्या मुळांवर पाणी पुरवायचा बोजा नसतो. सोटमूळ आखूड केलं, कारण दोन इंची ताटात त्याला जागा नाही, आणि ते गेलं की बाजूची मुळं जोर धरतात. लावेपर्यंत रोपं ओल्या गोणपाटात होती; तंतुमुळं वाऱ्यावर ठेवली तर बघता बघता वाळतात. मग ताटाच्या भोकांतून ओवलेल्या तारेनं एकेक रोप पक्कं केलं, सगळ्यात जाड रोप मधोमध न ठेवता थोडं बाजूला. विटांचा चुरा आणि जाड वाळू बांबूच्या काडीनं मुळांच्या फटीत सारली. काळी माती चिमूटभरसुद्धा नाही, ती पाणी धरून बसते. हलणारं रोप मूळ धरत नाही, म्हणून तार. फोटोत ती बघून आपल्याला फास आठवला असेल, तर त्याला मी काय करू?

फळाचं मात्र आपलं बरोबर आहे. बोन्सायमध्ये पान बारीक होतं, फळ त्या मानानं होत नाही. बोटाएवढ्या खोडावर डाळिंब लोंबलं तर वनाची सगळी मापं बिघडतात. पण मी कुठं बाजार समितीत पेट्या पाठवणार होतो?

रंकाळ्याचं पुण्य आपणच घ्या. पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. ताट बघायचं असेल तर या, चहा पाजतो. रोप मात्र मागू नका.