उलाळ गाडी आणि एक प्रतिक्रिया

पिकअपमधून वीस फुटी आसारी (स्लॅबमध्ये घालायची लोखंडी सळई) आणि पाइप कसे आणावेत, या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांनी परवा सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. ते मूळचे अमळनेरकडचे असून सध्या पुण्यात एका बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहेत, असे त्यांनीच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की गाडीच्या मागे माल बाहेर ठेवण्याची मुभा २०१४ सालीच काढून घेण्यात आली असून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१-ए) नुसार त्याला २०,००० रुपये दंड आहे. शिवाय त्यांच्या मते मी वजनाविषयी अवाक्षर काढलेले नाही. नायलॉनच्या दोराऐवजी रॅचेटचा, म्हणजे दांड्याने आवळायचा पट्टा वापरायला सांगायला हवे होते. लाल फडके रात्री दिसत नाही. आणि माल उतरवताना वरच्या विजेच्या तारांकडे लक्ष द्यावे, हेही मी लिहिलेले नाही. एवढे लिहून झाल्यावर त्यांनी शेवटी एक वाक्य टाकले आहे: ‘गावाकडच्या जुगाडाला अनुभव म्हणून खपवणे आता थांबवावे.’

महोदय, प्रथम जे मान्य करायचे ते मान्य करतो. मालाच्या मागच्या टोकाला लाल फडके बांधावे, असे मी लिहिले आणि ते दिवसापुरते आहे हे लिहायचे राहून गेले. अंधारात फडके काळे दिसते किंवा दिसतच नाही. तेथे लाल दिवा आणि प्रकाश परतवणारी पट्टी लागते, आणि खरे तर असा माल सूर्य मावळल्यावर रस्त्यावर आणूच नये. मूळ लेखात ही दुरुस्ती मी कालच केली आहे. चूक दाखवली की ती सुधारण्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही, हे या ठिकाणचे जुने वाचक जाणतात.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेचा सूर त्याच वाक्यात उतरला आहे. जुगाड म्हणजे अडलेल्या वेळी हाताला लागेल ते वापरून एकदाचे निभावून नेणे. जे तीन पिढ्या रोज केले जाते, ज्यातल्या प्रत्येक कृतीचे कारण सांगता येते आणि जे चुकले तर काय होते हेही करणाऱ्याला ठाऊक असते, त्याला जुगाड म्हणत नाहीत. आपल्याला हा फरक माहीत नसेल असे मला वाटत नाही. आपण तो बाजूला ठेवून शब्द वापरला, याचे वाईट वाटते.

माझे वडील बैलगाडीतून पऱ्हाटी वाहून आणत. ज्यांनी पऱ्हाटीची गाडी भरलेली पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको, की कपाशीची वाळलेली झाडे वजनाला हलकी पण पसाऱ्याला अवाढव्य असतात आणि गाडीच्या मागे चार-पाच हात सहज लोंबतात. वडील गाडी भरताना दर दोन थरांनंतर खाली उतरत, धुरीला, म्हणजे गाडीच्या पुढच्या दांडीला, हात लावून ती किंचित उचलून पाहत आणि मग पुढचा थर पुढे टाकायचा की मागे, ते ठरवत. पुढे भार जास्त झाला तर गाडी धुरजड होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालची दोरी बैलाचा श्वास कोंडते. दोन चाकांच्या आसावर तराजू तोलावा तसा तो भार तोलायचा असतो. हे दोन्ही शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी नक्कीच असतील.

पिकअपला चार चाके असली, तरी मागच्या आसाच्या मागे लोंबणारा माल तिला बैलगाडीसारखाच उलाळ करतो. आमच्या भागात चालणाऱ्या पिकअपचा हौदा नऊ ते दहा फुटांचा असतो, आणि पाइप वीस फुटांचा. आसारी मुळात बारा मीटरची, म्हणजे जवळपास चाळीस फुटांची येते आणि ती मधोमध दुमडली की तीही वीस फुटांचीच होते. फाळका, म्हणजे हौद्याची मागची फळी, पाडून तो माल सपाट टाकला, तर निम्म्याहून अधिक लांबी मागे हवेत राहते, मागचा आस तरफेच्या टेकूसारखे काम करतो आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. अशा गाडीचे स्टीअरिंग हातात हलके लागते, आणि नवख्या चालकाला तो हलकेपणा सुखाचा वाटतो. माझ्या दुकानावर वर्षानुवर्षे गाडी चालवलेला एक चालक मात्र चौफुलीच्या अलीकडेच गाडी बाजूला घेऊन म्हणत असे, ‘आबा, गाडी उलाळ व्हई ऱ्हायनी.’ त्याने भौतिकशास्त्र कधी शिकले नव्हते, पण वळणावर पुढची चाके ऐकणार नाहीत हे त्याला स्टीअरिंग सांगत होते. म्हणूनच मी लेखात लिहिले, की माल केबिनवरच्या चौकटीवर टेकवून तिरपा चढवावा, म्हणजे त्याचा मध्य दोन्ही आसांच्या मध्ये येतो. यात खपवण्यासारखे काय आहे, ते आपण सांगावे.

आता अनुभवाविषयी. पारोळ्याला मी एकतीस वर्षे लोखंड-सिमेंटचे दुकान चालवले. जालन्याहून ट्रकने आलेली आसारी तेथे उतरायची आणि तेथून पिकअपने खेड्यांवर जायची. २००३ सालच्या मे महिन्यात एका गोठ्याच्या शेडसाठी वीस फुटी चौकोनी पाइप घेऊन मी स्वतः चालकाच्या शेजारी बसून बहादरपूरच्या रस्त्याने निघालो होतो. पाइपांची पुढची टोके केबिनच्या मागच्या काचेच्या उंचीवर, एका आडव्या बल्लीवर टेकवली होती. एक म्हैस अचानक रस्त्यात आली, चालकाने ब्रेक दाबला, आणि गठ्ठ्याच्या पोटातला एकच पाइप काच फोडून आम्हा दोघांच्या मधून आला आणि डॅशबोर्डला टेकून थांबला. बाहेरचे सगळे पाइप जागच्या जागी होते आणि दोर तसूभरही हललेला नव्हता. पाइपाच्या पोकळीतून गंजाची तांबूस भुकटी माझ्या गुडघ्यावर बराच वेळ सांडत राहिली आणि ती झटकावी हे मला सुचले नाही. मधल्या जागेवर नेहमी बसणारा हमाल त्या दिवशी एसटीने पुढे गेला होता.

त्या दिवसापासून मी गठ्ठ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. वरून टाकलेला दोर फक्त बाहेरच्या पाइपांना दाबतो. आतल्या पाइपाला धरून ठेवतात ते त्याचे शेजारी, आणि लोखंडावर लोखंड सहज सरकते, त्यातून तेल लावलेला नवा पाइप असला तर विचारायलाच नको. म्हणून माल गाडीला बांधण्याआधी त्याची मोळी बांधावी लागते. गठ्ठ्याला तीन ठिकाणी पूर्ण दोन-दोन वेढे घेऊन तो आवळायचा, थरांच्या मध्ये बारदान घालायचे, हौद्यात आणि चौकटीवर जुन्या टायरच्या ट्यूबचे पट्टे पसरायचे, कारण रबरावर लोखंड सरकत नाही. केबिनच्या बाजूला काचेसमोर जाड फळी उभी करून सगळी टोके तिला भिडवायची. मग तो गठ्ठा दोन्ही बाजूंच्या कड्यांना फुलीसारखा बांधायचा. पाचेक किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा ताणायचा, कारण खड्ड्यांतून माल बसतो, गठ्ठ्याचा घेर कमी होतो आणि सकाळी घट्ट असलेला दोर तेथे सैल सापडतो. ट्यूबच्या पट्ट्यांना आपण जुगाड म्हणत असाल, तर मोठ्या शहरांतील दुकानांत मालाखाली अंथरायच्या ज्या चटया मिळतात, त्याही रबराच्याच असतात, एवढे नोंदवतो.

दोराच्या बाबतीत आपण जे लिहिले, त्यात पुस्तकाचा वास येतो. रॅचेटचा पट्टा वाईट आहे असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझ्याकडे असे चार पट्टे आहेत. परंतु कापलेल्या आसारीच्या धारदार टोकावर किंवा अँगलच्या कडेवर तो ताणलेला पट्टा दर धक्क्याला घासतो आणि वीण कातरली जाते, म्हणून कडेखाली पोते किंवा ट्यूब घातल्याखेरीज तो वापरू नये, हे आपल्या प्रतिक्रियेत नाही. नायलॉनचा दोर भाराखाली ताणला जातो, हे खरे आहे, आणि पुन्हा ताणण्याचा मुद्दा मी त्याचसाठी लिहिला होता. आपण तेवढा परिच्छेद वाचला नसावा.

जाता जाता, पीव्हीसीच्या पाइपांविषयी कोणीच विचारले नाही, त्याचे आश्चर्य वाटते. आपल्या जळगावच्या उन्हात, मे महिन्याच्या दुपारी, दोनच ठिकाणी टेकवून नेलेला वीस फुटी पाइप शेतात पोहोचेपर्यंत काकडीसारखा वाकलेला असतो आणि मग त्याचा सांधा बसत नाही. त्याच्याखाली लांबीभर बल्ली द्यावी आणि शक्यतो सकाळी लवकर निघावे.

राहिला कायद्याचा आणि वजनाचा मुद्दा. ते कलम मला आपल्या आधीपासून ठाऊक आहे. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर तोच दंड लागतो आणि जास्तीचा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो, हेही मी जाणतो, कारण त्याची एक पावती मी स्वतः फाडलेली आहे. परंतु खेड्यातला शेतकरी एका खोलीच्या स्लॅबसाठी चाळीस आसाऱ्या घेतो, तेव्हा त्याने वीस फुटी ट्रक सांगावा काय आणि तो ट्रक गावदरीच्या बोळात वळवावा कोठे, याचे उत्तर कलमात नसते. नियम सांगणे सोपे असते आणि ते काम करणारे पुष्कळ आहेत. वजनाचा हिशेब तर शाळेतल्या मुलालाही करता येईल: आसारीच्या जाडीचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की एका मीटरचे किलो निघतात. बारा मिलिमीटरची आसारी मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे पूर्ण लांबीची एक साधारण १०.७ किलो भरते, आणि शंभर आसाऱ्यांना एक टनाहून थोडे अधिक होते. पिकअपच्या कागदावर जे वजन लिहिले आहे ते चालक वाचूनच आत बसतो. यावर एक परिच्छेद खर्च करावा, असे मला वाटले नाही. विजेच्या तारांचेही तेच: वीस फुटी पाइप उभा करण्यापूर्वी माणूस वर पाहतोच.

आपण लिहिता की असे लेख वाचून ‘लोक मरतात’. हे वाक्य लिहिताना आपण जरा थांबायला हवे होते. मी ज्या रस्त्यांविषयी लिहितो त्यांवरून मी माल नेला आहे, आणि तुम्ही ज्या बांधकामावर आहात तेथे माल फाटकाशी येतो, क्रेनने उतरतो आणि त्याची नोंद वहीत होते. फाटकाच्या आत उभे राहून बाहेरच्या रस्त्याला जुगाड म्हणणे तुम्हाला शोभत नाही, आणि अमळनेरकडच्या माणसाला तर मुळीच नाही. तुमच्या भागात केळीचे घड भरलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. तो भरणारा माणूस कोणत्या प्रमाणपत्रावर भरतो, हे कधी विचारले आहे काय? शब्द थोडा कडक झाला असेल, तर तो वयाचा दोष समजावा.

दुसऱ्या एका वाचकांनी याच चर्चेत विचारले आहे, की मी स्वतः अजूनही पिकअपनेच आसारी आणतो का. गेल्या दिवाळीनंतर मुलाच्या घराचे काम निघाले, तेव्हा चार टन आसारी लागणार होती, म्हणून वीस फुटी हौद्याचा ट्रक सांगितला होता. माल चार टन होता, हेच त्याचे कारण. ट्रक बोळाच्या तोंडाशी उभा करून चार माणसांनी आसारी खांद्यावरून आत नेली आणि त्या कामाला दोन तास लागले. त्या दिवशी फाळका लावलेला होता आणि मागे काहीही बाहेर आलेले नव्हते.